चौकशी, खिडकी नंबर दोन

मला विचारा.
रक्ततपासणी तळमजल्यावर, निळी पट्टी धरून चला.
एक्स-रेला पिवळी.
लाल पट्टी कुठं जाते हे विचारायला कुणी थांबत नाही,
त्यांना आधीच पळवत नेलेलं असतं.

भेटायची वेळ चार ते सहा.
पास एकच. एका पेशंटमागं एक माणूस.
हे सांगताना मी काचेच्या वरच्या कडेकडं बघते,
कारण कडोलीहून टेम्पो भरून आलेली माणसं
समोरच उभी असतात, डबे घेऊन.

फलक तीन भाषांत आहे.
वरच्या दोन रंगवलेल्या.
मराठी ओळ मागाहून आली, स्टिकरवर.
पंख्याच्या वाऱ्यानं तिचा एक कोपरा सुटतो.
ड्यूटीवर येताना मी तो अंगठ्यानं दाबते,
जाताना पुन्हा सुटलेला असतो.
यावरून मी कुणाशी भांडले नाही.
दाबते, एवढंच.

कार्ड पलीकडच्या राज्याचं असेल तर बिलिंगला जा.
तिथून तुम्हाला माझ्याकडं पाठवतील.
मी पुन्हा बिलिंगला पाठवीन.
ही सेवा चोवीस तास.

परवा तुडयेचे एक आजोबा, भरमाण्णा,
पिवळ्या पट्टीच्या कडेकडेनं चालले होते,
चपला हातात.
पट्टीवर पाय दिला तर चालतंय की, आजोबा.
नको, म्हणाले, कुणीतरी आखलीया.
एक्स-रेपर्यंत तसेच गेले,
शेतातल्या बांधाशेजारून जावं तसे.

रात्री खालून नव्या डॉक्टरांचा फोन येतो, केरळचे आहेत:
पेशंट काहीतरी सांगतेय, विचारा जरा,
एक ते दहामध्ये किती दुखतं?
आणि रिसीव्हर तिच्या कानाला.
शेवंता हलगेकर सांगते,
आधी नुसतं भगभगालं होतं,
मग ठसठस लागली,
सकाळपासून ठणकालंय बघ,
आणि मधेच अशी एक कळ येतीया बाई,
की डोळ्यांपुढं काजवे.
मी डॉक्टरांना म्हणते, सात.

बैलहोंगलची निंगव्वाही तेवढंच लांब सांगते, कन्नडमध्ये.
तिची उरी, आमची आग.
मधे एकदा ती आईला हाक मारते,
त्याला भाषांतर लागत नाही.
मी म्हणते, आठ.

आकडा कागदावर जातो.
बाकीचं सगळं माझ्याकडं राहतं,
खिडकी नंबर दोनच्या ड्रॉवरात,
न दिलेल्या पासांच्या गठ्ठ्याखाली.

सुट्टी मिळालेली माणसं
गोळ्यांची पिशवी घेऊन खिडकीशी थांबतात.
काम काही नसतं.
निघताना म्हणतात, येतो.
गोकाककडची म्हणतात, होगि बर्तीनि, जाऊन येतो.
दोन्ही भाषांना दारातून नुसतं जाता येत नाही.
मी काचेच्या भोकातून ओरडते,
येतो नका म्हणू हो! इथं तरी जातो म्हणा!
हसतात.
जीभ वळवून बघतात.
एका पोराला जमलं होतं एकदा, प्लास्टरातला पाय आपटत
जातो, जातो, जातो करत गेला,
आणि त्याच्या आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

काल पहाटे चारला मागच्या दाराला गाडी लागली.
शेवंताचा नवरा सगळीकडं सह्या करून आला.
माझं पेन त्यानं परत दिलं,
टोपण लावून.
काय बोलावं ते मला सुचेना.
मला सात आठवत होतं.
त्यानं फलकाकडं बघितलं, तो सुटलेला कोपरा
जाता जाता दाबला,
आणि म्हणाला, येतो बाई.

मी म्हटलं, या.